भिंतीलगतची बाळं

आमचं पहिलं बाळ जन्मलं तेव्हा पिंपरीत चर्च नव्हतं. चार-दोन कॅथलिक कुटुंबं होती, तीही विखुरलेली. कोणी रेल्वेच्या चाळीत, कोणी निर्वासितांच्या छावणीपलीकडे झोपडीत, आणि आम्ही दोघं गावातल्या एका शेतकरी विधवेच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकायची तर खडकीच्या चर्चमध्ये जावं लागे. गाडी मिळाली तर गाडीनं, नाहीतर सडकेच्या कडेकडेनं चालत. सहा दिवस कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहून मान आणि कंबर एक झालेली असायची. सातव्या दिवशी पुन्हा चालायचं. मी गुडघे टेकून प्रार्थना करत असताना कितीदा तरी डुलकी लागलेली आहे. देवाला ते दिसत असणारच. त्यानं कधी काही म्हटलं नाही.

आम्ही मूळचे नगरकडचे. मी सिस्टरांच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकले, तिथंच संतांची मालिका तोंडपाठ झाली. एकेका संताचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, "आमच्यासाठी विनंती कर." लग्न झालं, आणि यांना पिंपरीला गवंड्याच्या हाताखाली काम मिळालं म्हणून आलो. येताना सिस्टरांनी दिलेलं संत योसेफाचं चित्र तेवढं मी सांभाळून आणलं होतं. ते खोलीत खिळ्याला टांगलं. घरमालकीण पहिल्याच दिवशी दारात उभी राहून ते बघत होती.

"ह्यो कोन बुवा?"

"आमचा संत आहे. सुतार होता."

"सुतार?" तिनं चित्रातला रंधा नीट बघितला. "मंग आपल्यातलाच की. कष्टाचा मानूस."

पुढं दसऱ्याला तिनं आपल्या औजारांना झेंडू वाहिला, त्यातलाच एक आणून आमच्या संताला अडकवला. मी यांच्याकडे बघितलं. हे हसून म्हणाले, "राहू दे. त्याला तरी कोण फूल वाहतंय इथं."

तिला मी मावशी म्हणायचे. पन्नाशीची असेल. दोन मुलगे, दोघंही शेतीवर. गावातल्या बाळंतपणांना तिलाच बोलवायचे. माझे दिवस भरत आले तेव्हा मला म्हणूनच घोर नव्हता. सुईण भिंतीपलीकडेच होती.

भाद्रपदातली ती सकाळ. हे कामावर गेलेले. कळा सुरू झाल्या तशी मी भिंतीवर थाप मारली आणि मावशी आली. दुपारपर्यंत चाललं. शेवटी शेवटी मला शुद्ध राहिली नाही. डोळे उघडले तेव्हा मावशी माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि तिचे हात भराभरा काहीतरी चोळत होते. मी रडण्याची वाट बघत होते. रडणं आलंच नाही. मग तिचे हात सावकाश झाले, आणि मग थांबले.

"मुलगी व्हती," ती म्हणाली. "दोन-तीन डाव श्वास घेतला तिनं. मंग न्हाई घेतला."

बोर्डिंगात सिस्टरांनी आम्हा मुलींना एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती. बाळ जगणार नाही असं दिसलं आणि फादर जवळ नसले, तर कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणावेत. कोणीही चालतं. शब्द तेवढे बरोबर पाहिजेत. मला ते शब्द झोपेतसुद्धा आले असते. पण त्या दोन-तीन श्वासांच्या वेळी मी कुठं होते, ते मलाच ठाऊक नाही.

मावशीच्या धाकट्या मुलानं बांधकामावर जाऊन यांना गाठलं. हे घरी आले, बाळाला बघितलं, कोणाची तरी सायकल मागून घेतली आणि तडक खडकीला गेले. उन्हं उतरायच्या आत फादरांना घेऊन आले. दोघंही सायकलींवर, दोघंही घामानं भिजलेले. फादर परदेशातले, पण पंधरा-वीस वर्षं नगरकडच्या खेड्यांत काढलेली. त्यांचं मराठी आमच्यासारखंच होतं, फक्त 'ळ' त्यांना कधी जमला नाही.

ते खाटेशेजारी पाटावर बसले आणि मावशीला विचारायला लागले.

"बाल रडलं का?"

"न्हाई."

"श्वास घेतला?"

"घेतला. म्या बगितला."

"तेव्हा तुम्ही तिला पाणी लावलं का, बाई?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. यांच्याकडे बघितलं. फादर काहीतरी महत्त्वाचं विचारताहेत एवढं तिला कळलं होतं. "लावलं. तांब्यातलं. व्हटाला."

"डोक्यावर?"

"न्हाई. व्हटाला. कुनी जायला लागलं की आमी पानी घालतो तोंडात, तसं."

"तेव्हा काही म्हणालात?"

"म्हनले, थांब गं बाय."

मावशी 'हो' म्हणाली असती तर, असं माझ्या मनात नंतर अनेकदा आलं. पण तिनं जे घडलं तेच सांगितलं, आणि फादरांनीही तिच्या तोंडून दुसरं काही वदवायचा प्रयत्न केला नाही. मग ते आम्हाला म्हणाले, आणि म्हणताना त्यांची नजर जमिनीवर होती, की बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा बाळाला कबरस्थानाच्या पवित्र केलेल्या जमिनीत ठेवता येणार नाही. मागच्या भिंतीलगत एक पट्टी मोकळी सोडलेली आहे, ती आशीर्वाद न दिलेली. अशा बाळांसाठीच.

"म्हणजे सगळ्यांच्या मागं," हे म्हणाले.

"हो."

"नको मग. इतक्या लांब न्यायची आणि परक्यासारखी मागं ठेवायची. नको."

त्या काळी नियम तसा होता. तो काही त्या फादरांनी केलेला नव्हता, आणि सांगताना ते आमच्याइतकेच थकलेले दिसत होते. तेव्हा दारात उभी असलेली मावशी म्हणाली, "माज्या बांधाला पुरा. लिंबाखाली जागा हाय. कुनाचा पाय पडत न्हाई तितं."

मला उठवत नव्हतं. मी खाटेवरूनच कुदळीचा आवाज ऐकला. हे आणि मावशीचा धाकटा मुलगा खणत होते. मावशीनं आपलं एक जुनं धुतलेलं लुगडं फाडून बाळाला गुंडाळलं होतं. फादरांनी विधीच्या वेळी गळ्यात घालायची पट्टी पिशवीतून बाहेर काढली नाही, पण ते गेलेही नाहीत. शेवटपर्यंत उभे राहिले आणि माती टाकून झाल्यावर सगळ्यांबरोबर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणाले. ते यांनी मला नंतर सांगितलं. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले, हेही सांगितलं.

नोव्हेंबर आला. पहिल्या दिवशी सर्व संतांचा सण, आणि लगेच दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा दिवस. खडकीचं कबरस्थान त्या दोन दिवसांत ओळखू येत नसे. गवत कापलेलं, कबरींना चुना दिलेला, जिकडं तिकडं झेंडू आणि मेणबत्त्या. गोव्याकडची माणसं, मद्रासकडची माणसं, आमच्यासारखी नगरकडची, सगळी आपापल्या माणसाजवळ उभी. फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीनं जायचे. आमचं तिथं कोणीच नव्हतं. मी यांच्याजवळ उगाच उभी होते, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

सणाच्या मिस्सेनंतर संतांची मालिका म्हटली गेली. मी सवयीनं उत्तर देत होते. मध्येच ते नाव आलं: निरागस बालकांनो. येशूला मारायचं म्हणून राजानं जी तान्ही मुलं कापून काढली, ती. चर्च त्यांना संत मानतं. सगळे म्हणाले, "आमच्यासाठी विनंती करा." मी मध्येच थांबले. त्या बाळांचा तरी कुठं बाप्तिस्मा झाला होता?

मिस्सा संपल्यावर मी फादरांना तेच विचारलं. ते म्हणाले, "ती ख्रिस्तासाठी मेली, मुली."

"आणि माझी कशासाठी मेली?"

मग मी विचारलं की उद्या मेलेल्यांच्या दिवशी तिच्यासाठी मिस्सा करता येईल का. ती मिस्सा शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी असते, ते म्हणाले, जे पापांची भरपाई करताहेत त्यांच्यासाठी. तिचं पापच नाही. "तिच्यासाठी मी मिस्सा करू शकत नाही," ते म्हणाले, "पण तुझ्यासाठी करू शकतो. उद्याची पहिली तुझ्यासाठी करीन."

जिवंत माणसासाठी मेलेल्यांच्या दिवशी. मला तेव्हा हसावं की रडावं कळलं नाही. पण परत चालत येताना सारखं वाटत राहिलं, खरं तेच आहे, गरज मलाच आहे.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले आणि एक मेणबत्ती घेऊन सरळ बांधावर गेले. वारा होता. मेणबत्ती लागे आणि विझे. काडेपेटीतल्या काड्या संपत आल्या. मावशी ज्वारीतून येताना दिसली. तिनं इकडून तिकडून दोन विटा आणून आडोसा केला, तेव्हा कुठं ज्योत धरली. मग ती माझ्याजवळ बसली.

"तुमच्यात अशा पोरांचं काय करत्यात?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मेलेल्यांचा दिवस असतो, पण त्यात ती येत नाहीत."

"आमच्यातबी न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तान्हं लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात. त्येचं दिवस न्हाई घालत. पितरात समद्यांचं पान वाढायचं, त्येचं न्हाई."

"मग काय करायचं?"

"काय करायचं? बाईनं मनात ठिवायचं."

मग तिनं हात लांब करून दाखवलं. आमच्या दगडांपासून थोडं पलीकडे, लिंबाच्या मुळाशी, गवतात बुडालेले आणखी दगड होते. मी ते आधी पाहिले होते, पण शेतातले दगड असतील असं वाटलं होतं.

"माजी दोन हायती," मावशी म्हणाली. "ह्या दोन पोरांच्या आदीची."

त्यानंतर दर नोव्हेंबरात मी तीन मेणबत्त्या न्यायचे. मावशी एका लोटीत थोडं दूध आणायची आणि तिन्हीकडे सांडायची. तिच्या थोरल्या मुलाला ते आवडत नसावं, कारण एकदा तो म्हणाला, "आये, ही कंची रीत काढलीस?" ती म्हणाली, "माजी." विषय संपला.

मला पुढं मुलगा झाला. त्याचा बाप्तिस्मा आठवडा उलटायच्या आत केला. मी एवढी घाई केली की खडकीला जाताना गाडीत मला घेरी आली. हे कारखान्यात कायम झाले, शिफ्ट लागली. कामगारांचा म्हणून संत योसेफाचा नवा सण चर्चनं मे महिन्यात सुरू केला, तेव्हा फादरांनी कारखान्यातल्या सगळ्या कॅथलिक माणसांना पुढं बोलावून आशीर्वाद दिला. हे पुढं गेले आणि परत येऊन बाकावर बसल्या बसल्या झोपले. आदल्या रात्रपाळीची झोप होती ती. मी उठवलं नाही.

मग जमीन मोजणारी माणसं आली. आणखी एक कारखाना यायचा होता. साखळ्या ओढून झाल्या, खुणांचे दगड रोवले गेले. मावशीचं निम्मं शेत त्यात गेलं आणि लिंबाचा बांधही गेला. तिच्या मुलांची त्यावरून घरात भांडणं चालायची, भिंतीपलीकडून ऐकू यायची. मावशी त्यात बोलत नसे. एक दिवस ती आमच्या खोलीत आली आणि जमिनीवर बसली.

"पाया खनायच्या आदी तुजी काडून ने," ती म्हणाली. "तुमच्या फादराला इचार. मागच्या भिंतीकडं तर मागं दिली व्हती जागा त्येनं."

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता परकं ते काय राहिलंय. विचारू."

विचारायला मीच गेले. फादर आता बरेच उतरले होते, सायकल सोडली होती. त्यांनी लगेच हो म्हटलं. मी निघाले, दारापर्यंत गेले, आणि मागं आले. कारण सकाळी निघताना मावशीनं मला हटकलं होतं. म्हणाली होती, "तुजी एकटीच ऱ्हानार का तितं? माजी दोन नेलीस तर? न्हाई म्हनला तर ऱ्हाऊ दे." तिनं ते मोठ्या संकोचानं विचारलं होतं, आणि तेवढ्याच संकोचानं मी फादरांना विचारलं.

फादरांनी चष्मा काढला. ते विचार करत होते. मी नियमाची वाट बघत होते.

"ती जमीन आशीर्वाद दिलेली नाही," शेवटी ते सावकाश म्हणाले. "आशीर्वाद दिलेल्या जमिनीला नियम असतात. तिला नाहीत. आण सगली."

'सगली' म्हणाले ते. मला त्या दिवशी त्यांचं ते तुटकं मराठी फार बरं वाटलं.

आम्ही सकाळीच खणायला घेतलं. हे, आणि मावशीचा तोच धाकटा मुलगा. आमच्या दगडांखाली लुगड्याच्या चिंध्या निघाल्या आणि ज्वारीच्या काडीएवढी काही हाडं. ती मी स्वतः उचलली. भीती वाटेल असं वाटलं होतं, पण हात नुसते जड झाले होते, बाकी काही नाही. मावशीच्या दोन्ही जागी मात्र काहीच मिळालं नाही. मुळं आणि काळसर माती. वर्षं किती झाली होती. तिनं वाकून दोन्हीकडची ओंजळ ओंजळ माती घेतली, एका फडक्यात बांधली.

"दोगांची एकाच ठिकानी बांधलीस," मुलगा म्हणाला.

"भावंडंच हायती," ती म्हणाली.

त्यांच्याच बैलगाडीतून आम्ही खडकीला गेलो. सडकेवर मालमोटारी भोंगे वाजवत बाजूनं जात होत्या, बैल बुजत होते. मावशी दोन्ही हातांनी फडकं धरून बसली होती. कधी या सडकेनं इतक्या लांब आली नव्हती. दापोडीचा पूल लागला तेव्हा तिनं खाली पाण्याकडे बघून नमस्कार केला.

भिंतीलगतची ती पट्टी मी पहिल्यांदा त्या दिवशी नीट बघितली. इतकी वर्षं मी तिच्याकडे पाठ करूनच उभी राहिले होते. तिथं नावाच्या पाट्या नव्हत्या. पण गवत कापलेलं होतं. कुठं शिंपला ठेवलेला, कुठं रंगीत काचेचा तुकडा, कुठं विटेवर कोळशानं काढलेला छोटा क्रूस. कोणीतरी येत होतं. यांनी खड्डा खणला, मोठा, दोन्ही गाठोडी मावतील असा. माती लोटायला फादरांनी यांच्या हातातलं फावडं मागून घेतलं. ते म्हातारे झालेले, दम लागत होता, तरी त्यांनी ते दुसऱ्या कोणाला दिलं नाही. मग परत तेच, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. मावशीला शब्द येत नव्हते. ती हात जोडून उभी होती.

त्या वर्षीच्या मेलेल्यांच्या दिवशी मी तिकडं तोंड करून उभी राहिले, तेव्हा कळलं, कोण येतं ते. बाकीचे आपापल्या चुना दिलेल्या कबरींजवळ गेले की तीन-चार बाया हळूच मागं सरकायच्या. एक मद्रासकडची होती, दारूगोळ्याच्या डेपोत नवरा कामाला. एक गोव्याची, चांगली झग्यातली, हातमोजे घालणारी. मी तिला कितीदा चर्चमध्ये पाहिलं होतं आणि हिला कसलं दुःख असणार, असं मनात म्हटलं होतं. आम्हाला एकमेकींची भाषा धड येत नव्हती. मद्रासची बाई माझ्या दंडाला धरून एका जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "मेरा. लडका." मी आमच्या जागेकडे दाखवलं. तिनं तीन मेणबत्त्या मोजल्या आणि मान हलवली. तीन म्हटल्यावर तिचे डोळे भरले. मी तिला खुलासा केला नाही. काय सांगणार होते? आणि खोटं तरी काय होतं त्यात?

मावशी दोन वर्षं माझ्याबरोबर आली. तिसऱ्या वर्षी तिचे गुडघे गेले होते, तरी आली. आपल्या मुलांच्या वाटण्या झाल्या, घर मोडून सडकेला नवं बांधायचं चाललंय, कारखान्यात धाकट्याला घेतलंय, हे सगळं ती जाताना गाडीत सांगत होती. सांगण्यात ना आनंद होता ना राग. पिंपरीतही आपलं चर्च उभं राहणार, अशी बोलणी तेव्हा आमच्यात सुरू झाली होती. लोक उत्साहात होते. मी तिला म्हटलं, "मग आम्हाला रविवारी खडकीला यायला नको."

"रविवारी नगं," ती म्हणाली. "ह्या दिवशी तर यायचंच की."

"यायचंच."

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. ती बसल्या बसल्या झोपली, आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. माझा खांदा रोजच्या कामानं आधीच ठणकत होता. दापोडी गेली. बाहेर ज्वारीच्या रानांमध्ये जागोजागी विटांचे ढीग आणि अर्धे उठलेले खांब दिसत होते. पिंपरी जवळ आली तरी मी तिला लगेच उठवलं नाही. गाडी पूर्ण थांबली, माणसं उतरायला लागली, तेव्हा म्हटलं, "मावशी, चला."

"आलं व्हय?" ती म्हणाली, आणि माझ्या हाताचा आधार घेऊन उठली.